डाव्या पंखावरचं चुंबन

१

बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता आमच्या विमानाच्या डाव्या पंखावर चुंबन सापडलं.

आधी कुणाला ते चुंबन वाटलं नाही. आवाजाच्या सातपट वेगाने जाऊन आलेल्या पंखावर काय काय सापडू शकतं, याची मल्गा क्रीकच्या चाचणी-तळावर छापील यादी आहे. तडा, खड्डा, वितळलेली कड, पक्षी. आमचा सुरक्षा अधिकारी डेस हॉगबेन याने ती स्वतः केली आहे. त्याने ती दोनदा वरून खाली वाचली, एकदा खालून वर वाचली आणि मग तो म्हणाला, "हे यादीत नाही. म्हणजे हे झालेलं नाही."

विमानाचं नाव ब्रोल्गा-एक. होडीएवढं लांब, आत पायलट नाही, अग्निबाणाच्या टोकावर बसवून सोडायचं. सोमवारी दुपारी ते उडालं, एक्केचाळीस सेकंद मनापासून काम केलं आणि हवाई छत्रीला लटकून मिठाच्या तळ्यापलीकडे उतरलं. ते आणायला दीड दिवस गेला, कारण छत्रीवर एक रानटी उंट बसला होता आणि त्याला उठायची घाई नव्हती.

जाताना पंख दुधी होते. चिनीमातीच्या कपावर असतो तसला लेप. परत आले ते करपलेल्या टोस्टच्या रंगाचे. मात्र डाव्या पंखावर, पुढच्या कडेपासून वीतभर मागे, एक पांढरा डाग जसाच्या तसा राहिला होता. अंगठ्याएवढा, जरा वाकडा. आणि त्या डागापासून एक काळी पाचर मागे रुंद होत पंखाच्या शेवटापर्यंत गेली होती.

आम्ही पाचजण तो डाग बघत उभे होतो. डॉ. हेस्टर क्विल, जिने हे पंख आखले. क्लेम पॅस्को, ज्याने ते घासून गुळगुळीत केले. डेस. राजधानीहून आलेले फेनविकसाहेब, ज्यांच्या सहीवर आमचं सगळं चालतं आणि ज्यांचा एक केसही वाळवंटातल्या वाऱ्यात हलत नाही. आणि मी, कोल्बी. पंखाच्या आतल्या तापमानाचे आकडे बघणं हे माझं काम. तेवढा वेळ मला काहीच समजत नव्हतं, पण आकडे बघणाऱ्याने समजल्यासारखं तोंड करायचं असतं, ते मी करत होतो.

तेवढ्यात कॅन्टीनची मर्ना ट्रेझाइस चहाची गाडी ढकलत आत आली. डागाकडे बघून म्हणाली, "अगोबाई! कुणाचा पापा हा?"

हेस्टर पंखावर वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती.

"ओठ आहेत," ती शेवटी म्हणाली. "माझ्या पंखावर ओठ आहेत."

"माश्या असतील," डेस म्हणाला. "दोन माश्या शेजारीशेजारी."

"डेस, त्या वेगात माशी पहिल्या सेकंदाला राख होते."

"ओठ होत नाहीत?"

फेनविकसाहेबांनी घसा साफ केला. "डॉक्टर, मला साध्या भाषेत सांगा. पंख चालला की नाही?"

हेस्टरने गाडीवरचं लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेला चौकोनी केक, उचललं आणि त्याच्या सपाट माथ्यावरून बोट फिरवलं. "पंखाला चिकटून जी हवा वाहते ना साहेब, ती पत्त्यांच्या कॅटसारखी थरावर थर सरकत असते. तशी सरकली तर पंख थंड राहतो. मध्ये केसाएवढा जरी उंचवटा आला, की थर उधळतात. उधळलेली हवा पंखाला तिप्पट तापवते. आणि ती उधळण पाचरीसारखी मागे पसरत जाते. माझ्या पंखाचा आकार असा आहे की थर शेवटपर्यंत टिकावेत. उजव्या पंखावर ते टिकले. डाव्यावर या ओठांपासून उधळले."

"किंवा," फेनविकसाहेब म्हणाले, "तुमचा आकारच चुकलाय आणि हा डाग नंतर कशाने तरी पडलाय."

हेस्टरने लॅमिंग्टन खाली ठेवलं. अकरा वर्षं त्या आकारात घातलेल्या माणसाने ठेवावं तसं.

"उद्या चार वाजेपर्यंत," साहेब म्हणाले, "हे काय आहे, कुणी केलं आणि पुन्हा होणार नाही, हे मला लेखी हवं. नसेल, तर ब्रोल्गा-दोन उडणार नाही. ती गावाच्या चौकात बसेल. नगरपालिकेने चौथरा बांधून ठेवलाय. सिमेंट सुकलं सुद्धा."

ब्रोल्गा-दोन आमच्या मागेच उभी होती. दुधी, कोरी आणि शेवटची.

२

तपास कुणी करायचा, यावर पाऊण तास गेला. साहेबांना असा माणूस हवा होता ज्याचा संशोधनाशी काडीचाही संबंध नाही. तळावर असं एकच माणूस होतं आणि ते भांडी आवरत होतं.

"मी?" मर्ना म्हणाली. "दुपारचं जेवण कोण बघणार?"

"सँडविच चालतील," साहेबांनी लेखी दिलं. नेमणूक आणि सँडविच एकाच कागदावर होते.

मर्ना कॅन्टीनमध्ये येण्याआधी सव्वीस वर्षं मेंढ्यांच्या गोठ्यांवर लोकर निवडायची. केस कापले की लोकरीचा प्रत्येक ढीग हिच्यासमोर यायचा आणि ही दोन बोटांत एक बट धरून सांगायची, एकोणीस मायक्रॉन, एकवीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; जितके कमी, तितकी लोकर भारी. तिचं आणि यंत्राचं उत्तर वेगळं आलं की यंत्र दुरुस्तीला पाठवायचे.

तिने हात धुतले, पुसले आणि डाव्या पंखावरच्या डागावरून बोट फिरवलं.

"सत्तर," ती म्हणाली. "गालिच्याला जाईल. अंगात घालायच्या कामाची नाही."

"आम्हाला वीसच्या वर चालत नाही," हेस्टर म्हणाली.

"बारीक मेरिनो लोकरवाल्यांसारखंच तुमचं." मर्नाने बोटाचा वास घेतला. मग डेसच्या चेहऱ्याकडे बघितलं. डेसच्या नाकावर आणि ओठांवर पांढऱ्या मलमाचा जाड थर होता, क्रिकेटवाले उन्हात लावतात तो. "डेस, हे कशाचं असतं रे?"

"जस्ताचं. जस्ताची राखच असते ती, तेलात कालवलेली."

"आणि भट्टीत टाकली तर?"

"तेल जळेल," हेस्टर हळूच म्हणाली. "राख राहील. ती कशानेच जळत नाही. पांढरीच्या पांढरी भाजून बसेल."

म्हणजे ओठांना मलम लावलेल्या कुणीतरी दुधी पंखावर ओठ टेकवले. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे उडण्याआधी कुणाला दिसलं नाही. पंख करपला तेव्हा ते उघडं पडलं. मला एकदम सगळं कळल्यासारखं वाटलं. हा आनंद सुमारे चार मिनिटं टिकला.

सोमवारी विमानाच्या शेडमध्ये कोण गेलं होतं, ते दाराच्या वहीत होतं. हेस्टर, क्लेम, डेस, फेनविकसाहेब, मी. दुपारी बाराला शेडला कुलूप. कॅमेरा आहे, पण त्याची वायर मार्चमध्ये काकाकुव्याने खाल्ली. त्याची चौकशी अजून चालू आहे.

"ठीक," मर्ना म्हणाली. "सगळ्यांनी ओठाला मलम लावा."

तिने केकखाली घालायच्या कागदाचे पाच तुकडे केले आणि आम्हाला रांगेत उभं केलं. डॉ. क्विलने कागदाचा पापा घेतला. डेसने आधी कागदाच्या कडा बोथट आहेत का ते तपासलं. फेनविकसाहेबांनी पाठ फिरवून घेतला. क्लेमने, जो दिवसातून अकरा शब्द बोलतो, त्यातले दोन खर्च केले: "बरं बाई."

मर्ना पाचही कागद आणि भिंग घेऊन पंखापाशी बसली. वीस मिनिटांनी उठली तेव्हा तिचा चेहरा लोकरीऐवजी काटेरी तार हातात आल्यासारखा झाला होता.

"कुणाचे जुळले?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांचे," ती म्हणाली.

३

मग तिने एकेकाला कॅन्टीनच्या मागच्या खोलीत बोलावलं. मला टिपणं काढायला बसवलं. मी स्वतःही संशयित होतो, पण माझं अक्षर चांगलं आहे.

पहिली हेस्टर.

"तू केलंस?"

"मर्ना, मी त्या पंखाजवळ श्वाससुद्धा रोखून धरते."

"चार वर्षांपूर्वी जुन्या विमानाच्या शेपटीला मिठी मारली होतीस. मी बघितलंय."

"शेपटीला! शेपटीचं वेगळं असतं." हेस्टरचे डोळे भरून आले. "मला खरं सांग, आकारच चुकला असेल का? डाग नंतर पडला असेल आणि मी उगाच त्याच्यामागे लपतेय? उद्या ती चौकात बसली ना, तर मी रोज कामावर येताना तिला वळसा घालून येणार. रोज. डावीकडून."

मर्नाने तिला चहा दिला आणि टिपणात काही लिहू नकोस असं मला खुणेने सांगितलं.

दुसरा डेस. तो वही घेऊनच आला.

"सोमवारपासून उन्हाचं मलम सक्तीचं. माझाच आदेश. सकाळच्या चहाच्या सुट्टीत, दहा वाजता, मी तुझ्याच दारात उभं राहून प्रत्येकाला लावलं. नाक, कान, ओठ. सह्या आहेत."

"दहाच्या आधी कुणाला नव्हतं?"

"डबाच दहाला फोडला. फोडल्याचीही सही आहे."

"शेडमध्ये का गेला होतास?"

"सगळ्यांनी मलम ठेवलंय की पुसलंय ते बघायला." तो जरा थांबला. "मी कुणाचा पापा घेत नाही, मर्ना. आईचाही नाही. जंतू असतात."

तिसरा मी. मीच प्रश्न ऐकला आणि मीच उत्तर लिहून घेतलं.

"कोल्बी, तू शेडमध्ये काय करत होतास?"

"तापमानाच्या वायरी तपासत होतो."

"आणि?"

"...आणि खिमा भरलेला मीट पाय खात होतो."

"शेडमध्ये? त्या पंखाशेजारी? गाढवा!"

"पंखापासून चार मीटर लांब. टोमॅटो सॉसचा एक थेंब पडला, तो जमिनीवर. पुसला."

"सॉस लाल असतो," मर्ना म्हणाली. तिने मला सोडलं, पण तिच्या चेहऱ्यावरून माझी किंमत अठरा मायक्रॉनवरून साठवर गेल्याचं दिसत होतं.

चौथे फेनविकसाहेब. त्यांनी बसायच्या आधी खुर्ची पुसली.

"तुम्ही सोमवारी अकरा वाजता शेडमध्ये एकटे होता."

"पाहणी."

"वहीत लिहिलंय, सोबत मोजपट्टी."

साहेबांनी खुर्चीचा हात पुन्हा पुसला. मी पेन्सिल थांबवली.

"कशाची मोजणी करत होता, साहेब?"

"ब्रोल्गा-दोनची," ते म्हणाले. "लांबी आणि रुंदी. चौथऱ्यासाठी. नगरपालिकेला बोल्ट कुठे मारायचे ते हवं होतं."

"सोमवारी अकराला? ब्रोल्गा-एक उडायच्या आधीच?"

"तयारी ठेवावी लागते."

दाराबाहेर कप फुटल्याचा आवाज झाला. हेस्टर तिथेच उभी होती. "उडायच्या आधीच!" ती म्हणाली. "माणूस मेला नाही तोवर मापं घेता तुम्ही!"

तिला धरून दूर नेलं. आता माझी खात्री पटली की गुन्हेगार हेच. कारण आहे, संधी आहे, मोजपट्टी आहे. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. पंख बिघडवायचा असेल तर माणूस खिळा वापरेल. पापा का घेईल?

शेवटचा क्लेम पॅस्को. त्रेसष्ट वर्षांचा, एकतीस वर्षं याच शेडमध्ये पंख घासतोय. यंत्र पंखावरची दोनशे ठिकाणं तपासतं. मधल्या सगळ्या जागा क्लेमच्या. कागदावर तेवढंच लिहिलेलं असतं: 'उरलेला पृष्ठभाग, पॅस्को.' तो खाली बसला आणि त्याच्या फोनवर निरोप आला. त्याने अंगठा लावला. फोन उघडला नाही. दुसरं बोट लावलं. नाही. सगळी दहा बोटं झाली.

"आण इकडे," मर्नाने फोन घेऊन त्याचा गुप्त आकडा दाबला. रोजच दाबत असावी. "बायको आहे. मटण चालेल का विचारतेय."

"चालेल सांग."

मर्नाने तसं कळवलं आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. क्लेमने कप उचलून खालच्या ओठाशी नुसता धरला, गरम वाटला म्हणून परत ठेवला.

"पंख तूच तपासलेस?"

"दोन्ही."

"कसे होते?"

"गुळगुळीत."

"आधी कुठला?"

"उजवा. मग चहा. मग डावा."

बस्स. त्याचे दिवसाचे शब्द संपले. तो गेला. मर्ना त्याच्या कपाकडे बघत बसली. चहा पूर्ण होता. कपाच्या कडेवर पांढरी रेघ उमटली होती.

"कोल्बी," ती म्हणाली, "मी सव्वीस वर्षं लोकर निवडली आणि आज मला गाढवाने शिकवलं."

"मी काय केलं?"

"तू नाही रे. मीच ते गाढव."

ती उठली. सँडविच करायला निघून गेली.

४

गुरुवारी दुपारी दोन वाजता नगरपालिकेचा ट्रक आला. ड्रायव्हरने दोऱ्या उतरवल्या, टोपीवरची माश्यांची जाळी नीट केली आणि विचारलं, "कुठलं न्यायचंय? भाजकं की कच्चं?"

"थांब," मर्ना गोड पावांची बशी पुढे करत म्हणाली. "स्कोन खा."

तिने सगळ्यांना पंखाभोवती उभं केलं. हातात केकचा स्टीलचा ट्रे होता, आरशासारखा घासलेला.

"कोल्बी, मलम लाव. या ट्रेचा पापा घे."

"का मी?"

"तुझी इज्जत त्या मीट पायबरोबर गेलीये. घे."

मी घेतला. ट्रेवर दोन ओठ उमटले, एक वर आणि एक खाली. बघायला बरे नव्हते.

"आता पंखावरचा बघा. किती आहेत?"

हेस्टर वाकली. तिने भिंग घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. "एक," ती म्हणाली. "एकच आहे. खालचा."

"म्हणून पाचही जणांचे जुळले. अर्ध्या ओठाचा नुसता फराटा कुणालाही बसतो. आपण काल सकाळी ठरवून टाकलं की हा पापा. मीच म्हणाले, चूक माझी. पण एका ओठाने पापा कोण घेतं? आणि हे बघा, डाग इथून सुरू होतो आणि दोन बोटं सरकतो. पापा घेणारा माणूस टेकवतो आणि उचलतो. सरकत नाही." तिने स्वतःच्या खालच्या ओठावर बोट ठेवलं. "सरकतो तो शोधणारा. हे चुंबन नाही. ही तपासणी आहे."

ड्रायव्हरने स्कोन चावला, त्याचा आवाज सगळ्या शेडला ऐकू आला.

"एकतीस वर्षं हिऱ्याच्या भुकटीने पंख घासले तर पंख गुळगुळीत होतो," मर्ना म्हणाली. "बोटंही होतात. इतकी, की फोन ओळखत नाही. माझ्याकडे म्हातारे निवडणारे होते, बोटं गेलेले. ते लोकरीची बट गालाला लावून सांगायचे. गालापेक्षाही शहाणी जागा आहे एक. चहा किती गरम आहे ते तिथेच कळतं. उजवा पंख चहाच्या आधी तपासला. तोवर मलमाचा डबा फोडलेला नव्हता, म्हणून त्यावर काही नाही. दहा वाजता डेस दारात उभा. चहानंतर डावा पंख." ती वळली. "क्लेम, गड्या, मी बोलू की तू बोलतोस?"

क्लेमने टोपी काढली.

"सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "बोटांना काही लागत नाही. बाप ओपल घासायचा. खडा झाला की ओठावरून फिरवायचा. तसंच करतो मी. कुणी नसताना. लोक हसतील म्हणून." त्याने खाली बघितलं. "ते मलम ओठावर आहे हे डोक्यातच आलं नाही. कधी लावलं नव्हतं ना. हेस्टर, पोरी... मी तुझा पंख बिघडवला. तो डाग माझाच आहे."

एवढे शब्द तो एकदम बोलल्याचं तळाच्या इतिहासात नोंदलेलं नाही.

म्हणजे पंख गुळगुळीत आहे का, हे बघता बघताच तो खरखरीत झाला होता. आणि बिघडवणारा तोच होता, जो बिघडू नये म्हणून ठेवलेला. माझ्या डोक्याचा अगदी भुगा झाला. डेसच्या तोंडावरही तेच दिसत होतं, कारण मलम त्याचं होतं.

"झालं तर," फेनविकसाहेब म्हणाले. "कामगाराची चूक. पॅस्को आजपासून घरी. पण पुन्हा होणार नाही याची हमी कुठे आहे? ट्रक भरा."

"थांबा," हेस्टर म्हणाली. ती क्लेमसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती थोबाडीत मारणार. "क्लेम, उजवा पंख. मलमाशिवाय. किती होता?"

"बारा. कडेला चौदा."

"यंत्रानेही दोनशे जागी हेच दाखवलं होतं, बारा आणि कडेला चौदा. तुला ते आकडे दाखवले नव्हते." ती साहेबांकडे वळली. "उजव्या पंखावर एक्केचाळीस सेकंद हवा थरावर थर राहिली, कारण या माणसाच्या कोरड्या ओठाने तो पास केला होता. दुसरी ब्रोल्गाही यानेच तपासायला हवी. दुसरं कुणी करूच शकत नाही."

"ओठाने?" साहेब म्हणाले. "नियमात ओठ नाही!"

सगळ्यांनी डेसकडे बघितलं. डेसने खिशातून अर्ज काढला. त्याच्या खिशात प्रत्येक अर्ज असतो. "सहावा रकाना," तो म्हणाला. "उपकरणाचं नाव. कुठलं उपकरण ते लिहिलेलं नाही." आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ओठ, खालचा, नग एक.' मग पुढचा रकाना वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "उपकरण अचूक असल्याचा पुरावा जोडावा लागतो."

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"माझी पेटी आण," मर्ना मला म्हणाली.

५

पेटीत तिच्या गोठ्याच्या दिवसांतले नमुने होते, लोकरीचे, कागदावर आकडे लिहिलेले. तिने काचेच्या पाच पट्ट्या घेतल्या, आमच्याकडे पाठ करून त्यांवर केस ठेवले आणि वरून पातळ चिकटपट्टी लावली. आकडे फक्त तिला माहीत. क्लेमच्या डोळ्यांवर डेसने टॉवेल बांधला, ओठ स्पिरिटने पुसला आणि पुसल्याची सही घेतली.

क्लेम पहिल्या काचेवर वाकला. आम्ही श्वास रोखले. हेस्टरने माझा दंड धरला होता, तो अजून दुखतो.

"अठरा," क्लेम म्हणाला.

मर्नाने मान हलवली. बरोबर.

"तेवीस."

बरोबर.

तिसऱ्या काचेवर तो बराच वेळ थांबला. पुढे गेला, मागे आला. घड्याळात पावणेचार. ड्रायव्हर चौथ्या स्कोनवर थांबला होता.

"ही रिकामी आहे," क्लेम म्हणाला.

ती रिकामी होती. मर्नाने मुद्दाम ठेवली होती.

"तीस."

बरोबर.

पाचव्या काचेवर क्लेमने ओठ ठेवला आणि लगेच उचलला. कपाळाला आठी पडली. पुन्हा ठेवला.

"साठ," तो म्हणाला. "पण ही लोकर नाही. केसही नाही. फार सरळ आहे, सगळीकडे सारखं जाड. हे कारखान्यात केलेलं आहे. नायलॉन."

"बरोबर," मर्ना म्हणाली. "काल कॅन्टीनच्या खुर्चीवर मिळालं. साहेबांच्या."

कुणीही फेनविकसाहेबांच्या डोक्याकडे बघितलं नाही. इतक्या काळजीपूर्वक न बघणारी पाच माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. ड्रायव्हरसुद्धा छताकडे बघत होता.

साहेबांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

"एकच सांगा," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी चौथऱ्यावर काय ठेवू?"

"भाजकं न्या," हेस्टर म्हणाली.

ब्रोल्गा-दोन शनिवारी सकाळी उडाली. त्या दिवशी डेसच्या लेखी परवानगीने क्लेमच्या ओठाला मलम नव्हतं, त्याऐवजी डेस त्याच्या डोक्यावर छत्री धरून मागे मागे फिरत होता. मी पडद्यासमोर बसलो होतो. दोन रेघा, डाव्या पंखाची आणि उजव्याची. पहिल्या सेकंदापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत त्या एकीवर एक गेल्या, इतक्या की मी एक रेघ हरवली म्हणून वायरी तपासायला लागलो.

"हरवली नाही," हेस्टर माझ्या मागून म्हणाली. "खालीच आहे ती." मग ती बाहेर गेली आणि उन्हात मलम न लावता बराच वेळ उभी राहिली. डेसने बघितलं आणि वही मिटून खिशात टाकली. त्याची कुठेही नोंद नाही.

ब्रोल्गा-एक आता चौकात आहे. करपलेली, डाव्या पंखावर पांढरा डाग आणि मागे काळी पाचर. खाली पाटी लावली आहे, तरी लोकांना ते चुंबनच वाटतं. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, मलम लावलेल्या ओठांनी पंखाचा पापा घेतात आणि फोटो काढतात. आठवड्याभरात पंख पांढऱ्या ठशांनी भरून जातो.

रविवारी क्लेम भुकटी आणि फडकं घेऊन येतो. सगळे ठसे घासून काढतो. वाकतो, खालचा ओठ पंखावरून हळूच फिरवतो. आता भर चौकात, भर दिवसा. गाड्या हॉर्न वाजवतात, तो हात करतो. सगळा पंख बाराचा करून सोडतो.

एक डाग मात्र तो घासत नाही. त्याच्यापाशी आला की टोपी सरळ करतो आणि बाजूने जातो.

मी एकदा विचारलं, "हा का ठेवलास?"

त्याने आठवड्याचे शब्द मोजून बघितले असावेत.

"मोजमापाला," तो म्हणाला. "सत्तर म्हणजे किती, ते लक्षात राहावं."